खळ्यावरचा वारा

मितेश म्हात्रेची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि ते भांडण जमिनीवर रंगवलेल्या एका पिवळ्या चौकोनावरून झालं.

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमची पुठ्ठ्याची खोकी बनवणारी कंपनी आहे. मी तिथे सेफ्टी ऑफिसर. नाव उत्कर्षा, वय सत्तावीस, राहायला खांदेश्वर, गाव कोरेगाव तालुक्यात, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण अर्धवट माहितीचा मला राग येतो. तसा मला पुष्कळ गोष्टींचा राग येतो. पायात बूट न घालता मशीनवर उभं राहणाऱ्यांचा, जिन्यात खोकी रचणाऱ्यांचा, आणि माझ्या असेम्ब्ली पॉइंटवर गाडी लावणाऱ्यांचा तर फारच.

पुठ्ठा म्हणजे आग ठरलेलीच. म्हणून मी कंपनीत आल्या आल्या मागच्या मोकळ्या मैदानात ऑइलपेंटनं मोठा पिवळा चौकोन रंगवून घेतला होता. सायरन वाजला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी बाहेर पडायचं, त्या चौकोनात चार रांगा करायच्या आणि मी हजेरी घेईपर्यंत हलायचं नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी तिथे गेले, तर चौकोनाच्या अगदी मधोमध एक टेम्पो उभा.

"टेम्पो कोणाचा आहे?"

"आपलाच." टेम्पोच्या पलीकडून आवाज आला.

"आपला म्हणजे कोणाचा?"

"म्हंजे माझा. पन तुमाला पायजे असंल तर तुमचा."

आवाजामागून माणूस आला. उंच, सावळा, खांद्यावर मोजायची टेप. डोळ्यांत झोप आणि ओठांवर हसू — दोन्ही एकाच वेळी कसं जमतं कुणास ठाऊक. छपराचे पत्रे बदलायला आणि पन्हळी बसवायला आलेला फॅब्रिकेटर होता तो. इथलाच, रबाळे गावातला.

"इथे गाडी लावायची नाही. बोर्ड वाचता येतो ना?"

"येतो ना. आयटीआय झालोय मॅडम." तो बोर्डाकडे बघत म्हणाला. "पन एक विचारू का? मानसं उभी करायला ही जागा कोनी शोधली?"

"मी."

"मग बदला."

मला कंपनीत कुणी असं बोलत नाही. प्लँट मॅनेजर उदयसिंह सरसुद्धा माझ्याशी बोलताना आधी हेल्मेट घालतात.

"का बदलू?"

"इथं आमच्या आजाचं खलं व्हतं." त्यानं बुटाच्या टोकानं जमीन दाखवली. "हे सगलं भाताचं शेत. आनि हितं, बरोबर तुमच्या ह्या पिवल्या डब्यात, खलं. खलं कुठं घालतात ठाऊक हाय का?"

मला ठाऊक होतं. आमच्याकडे ज्वारीचं असतं. मळणी झाली की धान्य सुपातून खाली सोडायचं आणि भुसा वाऱ्यानं बाजूला उडाला पाहिजे, म्हणून वारा लागेल अशीच जागा खळ्याला धरतात. पण हे मी त्याला सांगितलं नाही.

"अख्ख्या शिवारात पान हलत नसलं ना, तरी हितं वारा असायचा," तो म्हणाला. "खाडीवरनं सरल येतो आनि हितं वलतो. आता तर दोन बाजूला दोन शेड झाल्या. मधी गल्लीच केली त्याला. वादल आलं तर काय कराल?"

"आगीच्या नियमात इमारतीपासून लांब, मोकळी जागा लागते. ही आहे."

"आगीला बरी हाय. वाऱ्याला नाय."

"वाऱ्यासाठी ड्रिल नसतं," मी म्हणाले. "गाडी काढा."

त्यानं गाडी काढली. पिवळ्या रेघेच्या बाहेर बरोबर वीतभर अंतरावर लावली, खाली उतरून ते अंतर टेपनं मोजलं, आणि टेप माझ्यासमोर धरून विचारलं, "चालंल?"

मी निघून आले. जिन्यात मात्र मला हसू आलं, हे कबूल करायला हवं.

छपराचं काम दर उन्हाळ्यात निघतं, या वर्षी जास्तच निघालं. मितेश रोज यायचा. उंचावर चढणाऱ्यानं सेफ्टी बेल्ट बांधलाय की नाही हे बघणं माझं काम, त्यामुळे मला रोज सकाळी शिडीपाशी जावं लागायचं. पहिले आठ दिवस खरोखरच जावं लागायचं. नंतर तो बेल्ट नीट बांधायला शिकला, तरी मी जात राहिले.

"हूक लावला?"

"लावला."

"दाखवा."

तो दाखवायचा. मी हुकाला एक हिसका देऊन बघायची. एकदा हेल्मेटचा पट्टा त्याच्या हनुवटीखाली लोंबत होता, तो मी स्वतःच अडकवला. माझी बोटं त्याच्या दाढीच्या खुंटांना लागली. मी इतक्या घाईनं मागे सरले की शिडीवर आपटले. त्या दिवशी अपघाताच्या नोंदवहीत मी काही लिहिलं नाही. तेवढी एकच नोंद मी नोकरीत चुकवली आहे.

दुपारचा चहा आम्ही पंपरूमच्या सावलीत प्यायचो. आमच्याबरोबर शेवंताबाई असायच्या. त्या झाडलोटीला आहेत, मितेशच्याच गावच्या, आणि कुठल्याशा नात्यानं त्याची आत्या लागतात. त्या दोन घोट घ्यायच्या आणि "माझी मोरी धवाची राह्यली" म्हणून उठून जायच्या. रोज कुठली मोरी राहते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मितेश मला त्याच्या गावातलं सांगायचा. पूर्वी मिठागरावर कोण कोण जायचं, जमिनी गेल्यावर कुणी चाळी बांधल्या, कुणी नुसत्या गाड्या घेतल्या. मी त्याला मार्केटातलं सांगायची — माझे वडील, अण्णा, बटाट्याचं पोतं पाठीवर घेताना श्वास कसा धरतात ते. तो ऐकायचा. खूप माणसं आपलं बोलणं संपायची वाट बघत असतात, तो तसा नव्हता. मला ते फार आवडायचं.

मात्र चौकोनाचा विषय निघाला की आम्ही भांडायचो.

"तुमी एकदा तरी कोनाला सांगितलंय का," त्यानं एकदा विचारलं, "की माझं चुकलं म्हनून?"

"चुकलं की सांगीन."

"म्हंजे अजून चुकलंच नाय?"

"नाही."

"बाप रे," तो म्हणाला. "लगीन झालं तर नवऱ्याचं अवघड हाय."

हे तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला. माझे कान तापले.

आता मार्चमधल्या ड्रिलबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. आमच्या ड्रिलमध्ये सायरन तुटक वाजला की बाहेर पडायचं आणि सलग लांब वाजला की आत यायचं. मार्चपर्यंत सगळे दोन मिनिटं दहा सेकंदांत रांगेत उभे राहायला लागले होते. उदयसिंह सर खूश होते. मला मात्र शंका होती की लोक अर्ध्या मनानं उभे राहतात. म्हणून मी त्यांची परीक्षा घेतली. रांगा लागल्यावर हातातला भोंगा तोंडाला लावून मी म्हणाले, "चला, झालं, आत या." तीस-पस्तीस जण निघाले. मी त्यांना तिथंच अडवलं आणि चांगलं फैलावर घेतलं. "लांब सायरन झाला का? मग कसे निघालात? मी सांगितलं तरी हलायचं नाही. देव येऊन म्हणाला तरी हलायचं नाही."

एप्रिलमध्ये पुन्हा तोच प्रयोग केला. एकही माणूस हलला नाही. उलट पॅकिंगच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या — मॅडम आम्हाला पुन्हा फसवायला बघतात म्हणून. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, मितेशनं विचारलं. तो गच्चीवर शेवटच्या पन्हळीला पट्ट्या मारत होता. मी नेहमीसारखी हूक बघायला गेले होते.

"शनिवारी काम संपतंय," तो म्हणाला.

"कळलं मला."

"मंग सोमवारपासून हितं यायला मला काय कारन नाय."

मी हूक ओढून बघितला. घट्ट होता. आणखी एकदा ओढला.

"उत्कर्षा मॅडम, मी सरल विचारतो. मला तुमी आवडता. घरी आईला सांगितलंय. ती म्हनाली, घाटावरची पोरगी, आपल्यात रुलंल का बग. मी म्हटलं, आपनच तिच्यात रुलू. तर..." तो थांबला. एवढा बोलका माणूस, पण पुढचे चार शब्द त्याला सापडेनात. "तर शनिवार संध्याकालपर्यंत सांगा. नाय म्हनालात तरी चालंल. मी परत विचारनार नाय, तरास देनार नाय. पन सांगा."

माझ्या घरी कऱ्हाडच्या एका इंजिनीयरचा फोटो येऊन पडला होता. विश्वजित नाव, फोटोत बरा दिसत होता. त्याच्याशी माझं काहीच भांडण नव्हतं, आणि अडचण नेमकी तीच होती. मला उत्तर माहीत होतं, पण ते तोंडातून बाहेर येईना. अण्णांना काय वाटेल, हा एक भाग झाला. खरं सांगायचं तर, ज्या माणसाला मी तीन महिने "तुम्ही चूक, मी बरोबर" म्हणत होते, त्याच्यासमोर मऊ पडायची मला लाज वाटत होती. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी मी त्याला "पट्टा घट्ट करा" एवढंच बोलले. शुक्रवारी तेही नाही.

शनिवारी दुपारी साडेतीनला मी पहिल्या मजल्यावर ऑफिसात होते. एकदम अंधारून आलं, पण ढग आल्यावर येतं तसं नाही. उजेड पिवळा-तांबडा झाला, चहा गाळायच्या जुन्या फडक्यासारखा. फोनवर हवामान खात्याचा इशारा आला होता, मी तो वाचतच होते. सोसाट्याचा वारा, धूळ, घराबाहेर पडू नका. खिडकीतून खाडीची बाजू दिसते. तिथं धुळीची भिंत उभी होती आणि तिच्या पुढ्यात एक भोवरा गरगरत इकडे सरकत होता. नंतर टीव्हीवर कुणी त्याला चक्रीवादळ म्हटलं, कुणी टोर्नेडो. मला त्याचं नाव माहीत नाही. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, कागद आणि एक अख्खी ताडपत्री फिरत होती, एवढं मी पाहिलं.

आणि तेवढ्यात सायरन वाजला. तुटक.

वॉचमन वामनकाकांनी संकट आलेलं पाहिलं आणि संकटात जे करायला मी शिकवलं होतं तेच केलं. काकांचा काहीच दोष नव्हता. आमच्याकडे संकटाचा एकच सायरन होता, आणि त्याचा अर्थ होता — बाहेर.

मी खिडकीतून बघितलं. दरवाजे उघडले आणि माणसं बाहेर आली. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. पदर, ओढण्या सावरत, डोळ्यांवर हात धरत ती चौकोनात शिरली आणि चार सरळ रांगांत उभी राहिली. बासष्ट माणसं, बरोबर खळ्यावर.

मी जिना कसा उतरले आठवत नाही. खाली पोचले तेव्हा वीज गेली होती, म्हणजे सायरनही गेला. त्याची बॅटरी बदलायची फाइल तीन आठवडे सहीसाठी वर पडून होती. मी भोंगा घेतला आणि ओरडले, "आत चला, सगळे आत चला."

कुणी हललं नाही. पहिल्या रांगेतल्या गोजराताई डोळे बारीक करून माझ्याकडे बघत हसल्या. धूळ त्यांच्या दातांवर बसत होती, तरी हसल्या. मॅडम परीक्षा घेतायत.

"ड्रिल नाहीये हे. खरंच आत चला."

मागून कुणीतरी म्हणालं, "लांब सायरन कुठं झाला?"

वारा आता कानात शिट्टी घालत होता. शेजारच्या शेडचा एक पत्रा कोपऱ्यातून उचलला जाऊन धाडधाड आपटायला लागला. मितेश गच्चीवरून उतरून माझ्याकडे पळत आला. बेल्ट अजून कमरेला तसाच. त्यानं एकदा रांगांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तो काहीही बोलू शकला असता. तीन महिने तो हेच तर सांगत होता.

"मॅडम, तुमचं ऐकतील," एवढंच तो म्हणाला. "खरं ते सांगा."

मी भोंगा पुन्हा तोंडाला लावला.

"ऐका. माझं चुकलं. ही जागा मी चुकीची निवडली. मार्चमध्ये मी तुम्हाला फसवलं, तेही चुकलं. हे वादळ आहे, इथे उभं राहिलात तर माणसं मरतील. माझं चुकलंय, मी हात जोडते, आत चला."

गोजराताईंचं हसू गेलं. मी चुकले असं त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. परीक्षेतसुद्धा मी असं काही म्हणणार नाही, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. रांग मोडली आणि सगळे पळाले.

"शेडमध्ये नाही," मी ओरडले, "वर पत्रा आहे. जुन्या ऑफिसच्या बोळात."

आमच्या जुन्या ऑफिसच्या तळमजल्यावर एक बोळ आहे. वर काँक्रीटचा स्लॅब, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती, खिडकी एकही नाही. अख्ख्या कंपनीत वाऱ्यापासून सगळ्यात सुरक्षित जागा तीच. फक्त तो बोळ पुरुषांच्या संडासाचा आहे.

बायका दारात येऊन थबकल्या. पंचवीस-तीस बायका, पाठीमागे वादळ, आणि सगळ्या उंबऱ्यापाशी खिळलेल्या.

"इथं कसं जायचं बाई..."

"आत बापे हायेत."

मी ढकलायला लागले, पण त्या काही हलेनात. तेव्हा मागून शेवंताबाई आल्या, हातात खराटा तसाच.

"गो, मी रोज ही मोरी धवते," त्या म्हणाल्या. "हितं बगन्यासारखा काय बी नाय. चला व्हा फुडं." आणि पदर खोचून त्या सरळ आत गेल्या. त्यांच्या मागून सगळ्या.

मी दाराशी उभी राहून एकेकाला आत घेतलं. वामनकाका, उदयसिंह सर, कटिंगची मुलं, पॅकिंगच्या बायका. बाहेर मितेश शेवटच्या दोघींना हाताला धरून घेऊन आला. मग तो वळला.

"कुठे चाललात?"

"गॅसची नलकांडी गच्चीच्या जिन्याखाली सुटी हायेत. वेल्डिंगची. बांदून येतो."

"नको. मितेश, नको—"

"दोन मिन्टं," तो म्हणाला आणि धुळीत शिरला. तिसऱ्या पावलाला दिसेनासा झाला.

आणि मग ते आलं. रेल्वे इंजिन अंगावरून जावं तसा आवाज. दार मी आणि वामनकाकांनी ओढून लावलं, कडी घातली. अंधारात सगळे खाली बसले, डोकी गुडघ्यात, हात मानेवर. हेही मीच सांगत होते, आवाज शक्य तितका नेहमीसारखा ठेवून. बाहेर काहीतरी मोठं कोसळलं. काच फुटली. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी मुलाचं.

मी मोबाइलच्या उजेडात मस्टरवरून हजेरी घेतली. एकेक नाव पुकारलं. प्रत्येक नावाला ओ आली. बासष्ट.

"सगळे आले?" उदयसिंह सरांनी विचारलं.

"हो सर. पूर्ण आहेत."

कागदावर पूर्ण होते. मितेश आमच्या मस्टरवर नाही, तो कंत्राटदार. नियमाप्रमाणे माझं काम संपलं होतं. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. बाहेर जाणं म्हणजे दार उघडणं, आणि दार उघडलं की वारा आत शिरणार, बासष्ट माणसांच्या अंगावर. मी कडी काढली नाही. नोकरीत इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

दोन मिनिटं झाली. चार झाली.

"खाली बस गो पोरी," शेवंताबाईंनी माझा हात ओढला.

"आत्या," मी म्हणाले. त्यांना मी कधीच आत्या म्हणत नव्हते. "मितेश बाहेर आहे."

"ठाव हाय मना." त्यांचा हात गार पडला होता. "तो माजा भाचा हाय, म्हनून माजा जीव जातंय. तुजा कोन हाय तो?"

त्यांनी हळू विचारलं असेल. पण तेव्हाच वारा जरा दम घ्यायला थांबला आणि बोळात शांतता पसरली. बासष्ट माणसं ऐकत होती. पाच दिवस जे उत्तर माझ्या घशात अडकलं होतं, ते तिथं, संडासाच्या बोळात, माझे साहेब आणि सगळ्या कामगारांसमोर सहज बाहेर आलं.

"माझा आहे," मी म्हणाले. "माझं त्याच्यावर प्रेम आहे. त्यानं सोमवारी विचारलं आणि मी अजून सांगितलं नाही."

आणि मग मी रडले. उभ्यानंच, कडीवरचा हात न काढता. गोजराताई उठल्या आणि माझ्याबरोबर त्यांनीही कडीवर हात ठेवला.

वादळ एकूण बारा मिनिटं होतं. नंतर रिपोर्टमध्ये मी तेवढंच लिहिलं. आवाज उतरला, मग सरळ साधा पाऊस पडायला लागला. मी आधी एकटीनं दार उघडून बघितलं. मैदानात शेजारच्या शेडचे पाच पत्रे येऊन पडले होते. त्यांतला एक उभाच्या उभा जमिनीत रुतला होता. तो नेमका पिवळ्या चौकोनात होता, आणि ते मागून डोकावणाऱ्या प्रत्येकाला दिसलं.

"मितेश," मी हाक मारली. पावसात ती लांब गेली नसावी. मी पुन्हा मारली.

पंपरूमचं लोखंडी दार आतून कुणीतरी ढकलत होतं, पण बाहेर पडलेल्या पत्र्यानं ते अडलं होतं. मी धावले. कटिंगच्या दोघांनी पत्रा ओढला. दार उघडलं आणि आतून मितेश बाहेर आला, पाठोपाठ कंपनीची दोन कुत्री. डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला. कोपर सोललं होतं. बाकी धड होता.

"नलकांडी बांदली," तो खोकत म्हणाला. "परत यायला जमलंच नाय. ही दोघं आधीच आत बसली व्हती, त्यांच्यात शिरलो." मग त्यानं माझा चेहरा पाहिला. "काय झालं? कोनाला लागलं का? सगले हायेत ना?"

"सगळे आहेत."

"मंग रडता कशाला?"

माझ्या मागे बोळाच्या दारात अख्खी कंपनी उभी होती. वामनकाकांनी टोपी काढून हातात घेतली होती. उदयसिंह सर उगाच आकाशाकडे बघत होते. पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, आणि शेवंताबाई रडत-हसत खराट्यावर रेलून उभ्या होत्या. मितेशनं या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तो गोंधळला.

"हे सगले माझ्याकडं बगून का हसतायत?"

"त्यांना कळलंय म्हणून."

"काय कललंय?"

मी ओढणीच्या टोकानं त्याच्या कपाळावरची धूळ पुसली. पाऊस पडत होता, त्यामुळे धुळीचा चिखल झाला आणि तो आणखीनच पसरला. त्यानं माझं मनगट धरलं. या वेळी मी मागे सरले नाही.

"तू विचारलं होतंस त्याचं उत्तर," मी म्हणाले. "बासष्ट जणांना माहीत आहे. तूच तेवढा राहिलास."

आणि मग मी त्याला सांगितलं.